भिंतीवरचे वगळून

मित्रांनो, मी एक जुना डस्टर आहे. माझ्या भावंडांना एकमेकांच्या डोक्यावर आपटून तुम्ही वर्गमित्रांचे केस पांढरे केले असतील, तेव्हा माझी जात काही तुम्हांला नवी नाही. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. फळ्यावरचे अक्षर पहिल्यांदा कोण वाचतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. ते शेवटचे वाचतो मी. माझे तोंड कायम फळ्याकडे असते. पुसले जाण्याआधी अक्षर माझ्या इतके जवळ येते, की लिहिणाऱ्याचा हात कुठे थांबला, कुठे थरथरला, हेही मला कळते. मग ते माझ्या पोटात येते. लोकांना वाटते, पुसले म्हणजे गेले. आजवर मी कुणाचा गैरसमज दूर करायला गेलो नाही. आज सांगतो.

माझी पाठ एका सुताराने खुर्च्यांतून उरलेल्या लाकडाची कापली. पोटाला त्याच्या बायकोने नमद्याचे नऊ पट्टे डकवले. नमदा म्हणजे लोकर दाबून केलेले जाड कापड; पूड खायला त्याच्यासारखे काही नाही. खोके भरणारा मात्र बोलघेवडा निघाला. गप्पांच्या नादात त्याने बाराच्या खोक्यात तेरा जण कोंबले. पुढे एका मोठ्या संशोधन संस्थेच्या भांडारात खोके उघडले, तेव्हा भांडार सांभाळणाऱ्या बाईंनी आम्हांला तीनदा मोजले. तिन्ही वेळा तेरा. त्यांनी मला दोन बोटांत धरून, नाक मुरडून, खिडकीत ठेवून दिले. तेरावा मीच कशावरून, हे विचारायची सोय नव्हती.

आठवड्याने एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ खडू मागायला आले.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारले.

"कुणाचाच नाही. जास्तीचा आहे."

"मग आम्हाला द्या. आमच्याकडे जास्तीच्यांचंच काम चालतं."

हे होते दादा. त्यांची धाकटी बहीण त्याच संस्थेत, त्याच खोलीत काम करी. ती त्यांना दादा म्हणे, म्हणून सगळी संस्था त्यांना दादा म्हणू लागली. आणि ते तिला ताई म्हणत, म्हणून सगळ्यांच्या त्या ताई झाल्या. दोघे एकाच घरात राहत, एकाच रस्त्याने चालत येत आणि वाटभर भांडत. भांडण घरातल्या गळक्या नळावरून सुरू होऊन गणितावर संपे, किंवा उलट.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. पश्चिमेला एक खिडकी, दाराला धुरकट काच, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काळ्या दगडाचा फळा. फळ्याच्या मधोमध पांढऱ्या रंगाची उभी रेघ ओढली होती. डावी बाजू दादांची, उजवी ताईंची. मध्ये चाकांचा हिरवा पडदा, दवाखान्यात दोन खाटांच्या मध्ये असतो तसा. त्या दोघांचा एक नियम होता. एकच मोजणी दोघांनी करायची, पण एकाची दुसऱ्याने पाहायची नाही. आपले उत्तर निघाले की ते आपल्याच हाताने पुसून टाकायचे. दोघांचेही निघाले की दोन्ही बाजू पुन्हा एकदा स्वच्छ पुसायच्या, आपापल्या बाजूला उभे राहायचे, "एक, दोन, तीन" म्हणायचे आणि एकदम उत्तर लिहायचे. जुळले तर ते जगाला सांगायचे. नाही जुळले तर पुन्हा पहिल्यापासून. डस्टर मी एकटाच होतो, त्यामुळे माझी पडद्यावरून फेकाफेक चाले. ताई मला न पाहता झेलत. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस कुठले म्हणाल, तर तेच.

आता ते मोजत काय होते? माझ्या नऊ पट्ट्यांत जेवढे शिरले तेवढे सांगतो. सगळीकडे पसरलेली बलांची क्षेत्रे असतात. क्षेत्राला कधी कधी अशी गाठ पडते, की ती कितीही ओढली तरी सुटत नाही. तिला इन्स्टंटॉन म्हणतात. चार मिती धरल्या तर ही गाठ क्षणापुरती असते. आली, चमकली, गेली. पण आणखी एक मिती धरा, म्हणजे तीच गाठ जायचे नाव घेत नाही. कणासारखी राहायलाच येते. दादा म्हणत, "थोडी जागा दिली की क्षणसुद्धा मुक्कामाला येतो." ते हे हसत म्हणत. मला मात्र ऐकताना पट्ट्यांवर काटा येई.

या गाठी किती वेगवेगळ्या अवस्थांत राहू शकतात, ते दोघे मोजत. हे डोकी मोजण्यासारखे काम नव्हते. त्यांच्या गणिताला सुपरसिमेट्रीची शिस्त होती. तिच्यामुळे बहुतेक अवस्थांना जोडीदार मिळे, आणि जोडीदार मोजणीत एकमेकांना खोडून टाकत; एक अधिक, एक उणे, बाकी काही नाही. ज्याला जोडीच नाही, जो एकटा उरला, तोच शेवटी मोजला जाई. ही सगळी माहिती दादांनी फळ्यावर एका चित्रात मांडली होती. एक भिंत, आणि भिंतीला लागून एक पातळ चादर. चादर म्हणजे त्यांचे पाच मितींचे जग. गाठी त्या चादरीवर बसलेल्या.

त्यांनी हाताशी घेतलेल्या गणितात उत्तर काय यायला हवे, ते आधीच ठाऊक होते. गाठ नसलेल्या अवस्था ब्याण्णव. एका गाठीच्या चौसष्ट, उलट्या गाठीच्या चौसष्ट. दोन गाठींच्या चौदा, उलट्या दोन गाठींच्या चौदा. एकूण दोनशे अठ्ठेचाळीस. एवढ्या आल्या तरच त्या एका मोठ्या सममितीच्या घरात नीट बसणार होत्या. एक कमी चालणार नव्हती, एक जास्त चालणार नव्हती. आणि बेरीज जास्त येत होती. दोघांचीही, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, दोन वर्षे.

मग ती दुपार आली. दादांनी आपल्या बाजूला वरपासून खालपर्यंत लिहिले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. नंतर स्वतःशीच हसले. तळाशी त्यांनी एक छोटी ओळ लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या. त्यांचा हात आधीच जड, त्यात खडूत खडा निघाला. दगड असा किंचाळला की पडद्यापलीकडून ताई ओरडल्या, "दादा, दात शिवशिवले माझे!"

"माझं झालं," दादा म्हणाले. "तुझं?"

"दोन दिवस दे."

"घे की. घाई कसली?"

त्यांनी नियमाप्रमाणे मला उचलले आणि सगळे पुसले. ती शेवटची ओळ मी वाचली. जगात आणखी कुणीच वाचली नाही. संध्याकाळी दादा जिन्यात कोसळले आणि चौथ्या दिवशी दवाखान्यातच वारले.

ताई सोळा दिवसांनी आल्या. खुर्चीवर बसल्या. पडद्याकडे पाहिले आणि पाहतच राहिल्या. दादांची बाजू काळीभोर, कोरी होती. तिच्यावर ताईंनी कधी एक टिंबही काढले नाही.

पुढच्याच आठवड्यात विभागाचे साहेब आले. बिचारे भले गृहस्थ. बोलताना सारखे चष्मा पुसत होते. महिनाअखेर सगळ्या खोल्यांतले दगडी फळे निघणार होते, पांढरे काचेचे बसणार होते. दारांच्या जुन्या काचा काढून तशाच धुरकट नव्या काचा आधीच बसवून झाल्या होत्या. "तुमचं काम तेवढ्यात उरकून घ्या," ते म्हणाले. "आणि दादांचं नाव घालून पाठवून द्या. तुमच्या एकटीच्या मोजणीवरसुद्धा चालेल."

"एकाच्या मोजणीवर आम्ही आजवर काही पाठवलेलं नाही," ताई म्हणाल्या.

"पण आता दुसरी मोजणी आणणार कुठून?"

दादांची शेवटची दोन वर्षे त्या कोऱ्या फळ्यावर अडकून पडली होती. उत्तर निघाले होते, हे ताईंनी कानांनी ऐकले होते. काय निघाले, ते मला ठाऊक होते. आणि मला तोंड असून वाचा नव्हती. मित्रांनो, तेव्हाइतका जीव माझा कधी तुटला नाही.

ताई मोजत राहिल्या. बेरीज जास्तच येत राहिली. आणि खोलीत काहीबाही होऊ लागले. संध्याकाळी ताई मला आपल्या बाजूच्या कठड्यावर ठेवून जात. सकाळी मी दादांच्या बाजूला असे. मला पाय नाहीत, हे मी तुम्हांला शपथेवर सांगतो. पडद्याची चाके कधी वीतभर सरकलेली असत. ताई ती मुकाट्याने जागेवर आणत, आणि मला न पाहता, जणू कुणी पलीकडून फेकल्यासारखे, हात लांब करून उचलत.

त्याच सुमारास चहा देणाऱ्या नव्या मावशी कामाला लागल्या. ठेंगण्या, तोंडाने फटकळ, गुडघ्यांनी कुरकुरणाऱ्या. दादांना त्यांनी कधी पाहिलेले नव्हते, त्यांच्याबद्दल काही ऐकलेही नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी ताईंच्या टेबलावर दोन कप ठेवले. दुसऱ्या दिवशीही दोन. तिसऱ्या दिवशी ताईंनी विचारले, "मावशी, दोन कशाला? मी एकटीच असते."

"एकट्या कशा? दोघं असता की." मावशींनी दाराकडे बोट केले. "बाहेरून काचेतून मोजते मी. किती माणसं तेवढे कप बाहेरच भरते. नाहीतर पुन्हा तीन जिने कोण उतरणार? माझे गुडघे काय माहेरी आलेत?"

"आत दुसरं कुणी नाही, मावशी."

मावशींनी पडद्यामागे डोकावून पाहिले. टेबलाखाली पाहिले. मग बाहेर जाऊन दार ओढून घेतले आणि तिकडून ओरडल्या, "हलू नका हं! एक तुम्ही, टेबलापाशी. आणि एक उंच, जरासं वाकलेलं. दोनच!"

भरदुपार होती. खिडकीतून ऊन सरळ फळ्यावर येत होते. ताईंच्या हातातला खडू मोडल्याचे मला ऐकू आले. त्या उठल्या, मावशींना आपल्या खुर्चीवर बसवले आणि स्वतः बाहेर जाऊन दार लावले.

"दिसलं का?" मावशींनी आतून विचारले.

"दिसलं," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता. "तुम्ही जरा हात वर करा. आता उभ्या राहा. आता खिडकीपाशी जा."

मावशी सगळे करत गेल्या. ताई आत आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. "तुमची सावली तुमच्याबरोबर फिरते," त्या म्हणाल्या. "दुसरी जागची हलत नाही."

"मग ते आतलं नव्हेच, ताई." मावशींनी सुटकेचा श्वास सोडला. "ते काचेतलं असणार. माझंच चुकलं. मी काचेवरचं मोजते आणि खोलीतलं समजून कप भरते. काचेवरचं वेगळं मोजून वजा केलं असतं, तर एवढा चहा वाया गेला नसता."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पुन्हा म्हणा."

"काय? चहा वाया गेला नसता?"

"त्याच्या आधीचं."

नंतर ताईंनी मावशींना समजावले, की दादा वर्षानुवर्षे त्या दाराला टेकून विचार करत उभे राहायचे. अंगावरची खडूची पूड काचेत बसली असेल. मावशींना ते पटले. मला मात्र नाही. ती काच बदलून पुरते तीन आठवडे झाले नव्हते.

पण ताईंना हवे ते मिळाले होते. चित्रातल्या सगळ्या गाठी चादरीवर नव्हत्या. काही गाठी चादरीला न शिवता नुसत्या भिंतीवर होत्या, भिंतीभिंतीने दूर निघून जात होत्या. त्या खऱ्या होत्या, पण त्या पाच मितींच्या जगातल्या नव्हत्या. मोजणी बाहेरून चालली होती, तिला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. दोन वर्षे दोघे जण चूक शोधत होते, आणि चूक बेरजेत नव्हती. आत कोण आणि भिंतीवर कोण, हे कुणी विचारलेच नव्हते. आता उपाय सरळ होता. चित्रातून चादर काढून टाकायची, नुसती भिंत ठेवायची, तिच्यावरचे मोजायचे, आणि मोठ्या मोजणीला त्याने भाग द्यायचा; असल्या मोजण्या एकमेकींत गुणल्या जातात, म्हणून वजाबाकीच्या जागी भागाकार.

ताईंनी त्या दिवशी हिरवा पडदा ढकलत ढकलत बाहेर नेऊन ठेवला. मग तीन दिवस त्या मोजत होत्या. मावशी रोज दोन कप आणत, आणि दुसरा कप निवेपर्यंत ताई त्याला हात लावत नसत. तिसऱ्या दुपारी फळ्यावर एकेक आकडा उतरला. ब्याण्णव. चौसष्ट, चौसष्ट. चौदा, चौदा. ताईंनी बेरीज केली, आणि नियमाप्रमाणे आपल्या हाताने सगळे पुसले.

आता दोन्ही बाजू स्वच्छ करायच्या होत्या. ताई मला घेऊन दादांच्या बाजूला आल्या. ती बाजू कोरीच होती. तिथे पुसण्यासारखे काहीही नव्हते. पण नियम तो नियम. त्यांनी मला फळ्यावर टेकवले.

मित्रांनो, आता नीट ऐका. दादा गेल्यापासून मला कुणी झटकले नव्हते. ताई सांगत, "राहू दे." दादांच्या शेवटच्या दुपारची सगळी पूड माझ्या नवव्या पट्ट्यात तशीच होती. आणि त्या फळ्याच्या तळाशी, खडूतल्या खड्याने त्या ओळीभर ओढलेली केसाएवढी खाच होती, काळ्यावर काळी, कुणाला न दिसणारी. मला ती जागा बरोबर ठाऊक होती. ताईंचा हात तिथून गेला, तेव्हा मी माझ्या लाकडी पाठीचा सगळा भार खाली दिला आणि जपून ठेवले होते ते सोडले.

ताईंनी पाहिले नाही. त्या आपल्या बाजूला गेल्या, दादांच्या बाजूकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"एक," त्या म्हणाल्या. "दोन." इथे त्या थांबल्या. दर वेळी तीन दादा म्हणत असत. मग त्याच म्हणाल्या, "तीन." आणि लिहिले, दोनशे अठ्ठेचाळीस.

त्या वळल्या. दादांच्या बाजूला, तळाशी, त्यांच्या जड हाताच्या वळणात, बारीक पांढरी ओळ उमटली होती.

भिंतीवरचे वगळून २४८. खाली दोन रेघा.

ताईंनी तोंडावर हात दाबला. त्या जमिनीवर बसल्या आणि त्या ओळीवरून बोट फिरवत, लहान मुलीसारख्या मोठ्याने रडल्या. "तुला आधीच कळलं होतं," त्या म्हणत होत्या. "सांगितलं का नाहीस रे? नियम कसला घेऊन बसलास!" मलाही रडता आले असते तर मी रडलो असतो. डस्टर ओला झाला की कामातून जातो, म्हणून देवाने आम्हांला ती सोय दिली नसावी.

दोन मोजण्या जुळल्या होत्या. निबंध दोन नावांनी गेला. साहेबांनी दोनदा चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. त्यांच्या हातात एकच कप होता.

"आज एकच?" ताईंनी विचारले.

"एकच दिसलं बाहेरून," मावशी म्हणाल्या. मग त्यांचे त्यांनाच अवघडल्यासारखे झाले. "आणू का दुसरा? गुडघ्यांचं काही नाही, त्या निमित्ताने उतरेन."

"नको," ताई म्हणाल्या. "आता एकच बरोबर आहे." त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला, पण चहा बराच वेळ प्यायला नाही. गणित सुटले म्हणजे खोलीत एक माणूस कमी होते, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

महिनाअखेर कामगार आले आणि दगडी फळा निघाला. एकाने मला खिडकीबाहेर धरले आणि भिंतीवर आपटायला हात उगारला. ताई अशा धावल्या की खुर्ची उलटली. "झटकू नका त्याला!" तो माणूस घाबरून दोन पावले मागे सरला. ताईंनी मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पुढे निवृत्त होताना मावशींच्या हवाली केले. "हा जास्तीचा आहे," त्या म्हणाल्या. "सांभाळा."

तेव्हापासून मी चहाच्या खोलीतल्या कपाटात आहे. कपाटाच्या त्या कप्प्यात दुसरे काही नाही. पांढऱ्या काचेचे फळे ओल्या फडक्याने पुसतात; माझे कुणाला काम नाही. वर्षानुवर्षे कुणी हात लावला नाही, की आपण आहोत की नाही अशी शंका यायला लागते. पण मागच्या आठवड्यात कपाटाला नवे दार बसवले, धुरकट काचेचे. मावशी आता पुरत्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. दार लावून त्या बाहेर उभ्या राहिल्या आणि जुन्या सवयीने त्यांनी काचेतून मोजले. मग पुन्हा एकदा मोजले. थोड्या वेळाने त्यांनी दोन कप भरले, एक स्वतः घेतला आणि दुसरा माझ्यापुढे ठेवून गेल्या.

मी त्या दुपारी सगळेच सोडले नव्हते, मित्रांनो. ओळीपुरते दिले, बाकीचे माझ्याजवळ आहे. म्हणून एक मागणे आहे. जुन्या वस्तू हातात घ्याल तेव्हा जपून घ्या. कुणाचे काय तिच्यात राहायला आले आहे, ते बाहेरून कळत नाही. आणि कधी तुम्ही ते कपाट उघडलेत, तर मला झटकू नका. आत कुणीतरी "तीन" म्हणायला थांबले आहे, आणि पलीकडून "दोन" ऐकू येण्याची वाट पाहते आहे.